चीकवाले आबा आणि माझा अंगठा

चीकवाल्या आबांचा एकही सदरा मी बिनडागी पाहिला नाही. मोगली एरंडाच्या चिकाचे ते तपकिरी डाग, त्यांच्यापुढे धोब्यानंही हात टेकले होते. मी यावलचा शिंपी. कोरं मांजरपाट त्यांच्या मापानं कापताना माझा जीव तुटायचा. आबांना त्याचं काहीच नव्हतं. उलट एकेका डागावर बोट ठेवून हा कोणाच्या पायाचा, हा कोणाच्या डोक्याचा, हे ते कौतुकानं सांगत.

त्यांची केळीची बाग गावाबाहेर होती आणि कुंपणाला सगळा मोगली एरंड. घड कापताना कोणाचा विळा हातावर बसला की माणूस तडक आबांकडे. आबा एरंडाचा कोवळा देठ मोडून चीक जखमेवर गाळायचे, वर ठेचलेला पाला ठेवून फडकं घट्ट आवळायचे. तोवर तोंडातून अक्षर नाही. रडणाऱ्याला धीर देणं वगैरे त्यांना जमत नसे. रक्त थांबलं की मात्र म्हणायचे, "हं, आता सांग, कसं लागलं?" आणि मग अर्धा तास सोडायचे नाहीत.

त्यांचा नियम एकच होता. बांधलेलं दुसऱ्या दिवशी दुपारी सोडायचं, आणि ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं. दुसऱ्याचा हात लागला तर रक्त पुन्हा उसळतं, असं आमच्याकडे सगळेच मानत.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली गोष्ट. बोदवडला मेहुणीचं लग्न होतं आणि पंगतीसाठी केळीची पानं न्यायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं. आबांच्या बागेत पानं कापताना विळा माझ्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी खोल गेला. शिंप्याचा उजवा हात चाक फिरवतो, पण कापड सुईखाली नेतो तो डावा. अंगठा गेला तर मशीन विकून मोकळं व्हायचं, एवढंच माझ्या डोक्यात आलं. आबांनी बांधलं आणि थोड्या वेळात रक्त बंद झालं. लग्न असो की काही असो, उद्या दुपारी आलंच पाहिजे, असं त्यांनी बजावलं. मी मान डोलावली आणि संध्याकाळी पानांसकट भुसावळ गाठून बोदवडची गाडी धरली.

दुसऱ्या दिवसापासून अंगठा ठणकायला लागला, सुजला. फडकं सोडायला मात्र कोणी धजेना. ज्यानं बांधलं त्यानंच सोडावं, असं सासऱ्यांनी सांगून टाकलं आणि माझीही छाती झाली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मांडव उतरवत असताना दारात आबा उभे. मी आलो नाही म्हणून तापी ओलांडून पायी भुसावळला आले होते आणि तिथून गाडीनं बोदवडला. जावई असून मी भर पाहुण्यांत यथेच्छ बोलणी खाल्ली.

फडकं सोडलं तर खाली काळी, कठीण खपली. सगळ्यांनी वाहवा केली. आबाही खूश दिसले, कारण अशी खपली धरली की जखम जिंकली, असं ते वर्षानुवर्षं सांगत आले होते. मग त्यांनी खपलीच्या कडेची कातडी दाबून पाहिली. ती पांढरी पडली होती आणि मला ते दाबणं कळलंच नाही. आबांचा चेहरा उतरला. चहासुद्धा न घेता त्यांनी मला भुसावळला एका डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी खपली भिजवून उचलली तर खाली नुसता पू. चिकानं रक्त थांबतं खरं, पण तोच चीक जितं मांसही भाजतो, आणि वरून पाला आवळला की पू निघायला वाट राहत नाही, असं त्यांनी शांतपणे समजावलं. कोणी बांधलं, या प्रश्नावर मी 'असंच गावातल्या कोणीतरी' असं पुटपुटलो. आबा पुढे झाले. "मीच बांधलं, साहेब," ते म्हणाले, आणि विचारलं, "समद्यायले असंच होते का?" लहान जखमा निभावतात, खोल जखमेचं सांगता येत नाही, असं उत्तर मिळालं.

महिनाभरात माझा अंगठा वाकायला लागला. त्याच महिन्यात आबा घरोघर जाऊन आपण बांधलेल्या जखमांचे जुने वण पाहत होते. एक म्हातारी त्यांना रस्त्यात भेटली की हात जोडायची. आबांनी बांधलेलं तिचं एक बोट कायमचं ताठ राहिलं होतं आणि तिनं ते नशिबावर टाकलं होतं. आबा ते बोट हातात धरून कितीतरी वेळ बसले, असं तिची सून सांगायची.

त्यानंतर चीक बंद झाला. कोणी जखमी आला की उकळून वाळवलेल्या फडक्यानं जखम दाबून धरायची, हात उंच ठेवायचा आणि आपल्याच बैलगाडीतून दवाखाना गाठायचा. लोक म्हणायला लागले, आबांचा हातगुण गेला. स्वातंत्र्याच्या आदल्या साली ते वारले तेव्हाही लोक हेच बोलत होते. मला मात्र त्यांच्यामुळेच पुढचं सगळं आयुष्य कापडाला हात लावता आला, आणि हे उपकार मी कधी विसरलो नाही.

ते असताना एकदा मी चिडून म्हटलं होतं, लोकांना स्पष्ट सांगा की चूक माझी होती, मीच वेळेवर आलो नाही.

"तू एक दिस उशीर केला रे भो," आबा म्हणाले, "मी तीस वर्सं केला." आणि माझा अंगठा हातात घेऊन त्यांनी तो दोनदा वाकवून पाहिला.