बुधवारची जिजी

जिजी नवऱ्याला मोटारसायकलवर मागे बसवून, स्वतःच्या कमरेला उपरण्याने बांधून दवाखान्यात आणायची. पहिल्यांदा ती गाडी फाटकातून आत आली तेव्हा केसपेपरच्या रांगेतली सगळी माणसं माना वळवून बघत राहिली. साडी वर खोचलेली, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला आणि मागे तिच्या खांद्यावर मान टाकून अर्धवट शुद्धीतले नाना. गाडी लावून तिने गाठ सोडली आणि मलाच विचारलं, "दारू सोडवायचा डॉक्टर कुठं बसतो? मागच्या टायमाला ह्यांनी गतिरोधकावर उडी मारली अन् पळून गेले. म्हणून बांधून आणलं."

चांदवड तालुक्यातल्या त्या दवाखान्यात दर बुधवारी व्यसनमुक्तीची ओपीडी असे आणि मी तिथे समुपदेशक होते. आमच्याकडे दाखल करून घ्यायची सोय नव्हती. माणसाने यायचं, डॉक्टरांना दाखवायचं, आमच्याशी बोलायचं आणि आठवड्याच्या गोळ्या घेऊन घरी जायचं. म्हणजे खरा उपचार घरीच व्हायचा आणि तो करायची बायको. गोळ्या तिने द्यायच्या, घाम तिने पुसायचा, भास व्हायला लागले की धरून तिनेच ठेवायचं. जिजीने हे सगळं केलं. वर्षभरात नाना सुटले. चेहरा भरला, हात स्थिर झाले, द्राक्षाच्या छाटणीला पुन्हा लोक त्यांना बोलवायला लागले.

नाना सुटले तरी जिजीचा बुधवार सुटला नाही. ती ओपीडीबाहेरच्या बाकावर येऊन बसायची. सोबत पिशवीभर भुईमुगाच्या शेंगा. नवा पेशंट थरथरत्या हातांनी बसलेला दिसला की त्याच्या ओंजळीत मूठभर शेंगा ओतायची. "सोला. हाताला काम नसलं की हात बाटली शोधतो." मोठमोठे बागाईतदारही निमूट शेंगा सोलत बसत, आणि दाणे मात्र जिजी त्यांच्याच बायकांना देई.

एकदा एक तरुण सून नाकापर्यंत पदर ओढून भिंतीला चिकटून उभी होती. जिजीने सरळ जाऊन तिचा पदर वर केला. डोळा सुजून काळानिळा झाला होता. जिजी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तोंड त्यानं लपवायचं. तू काय केलंय?" पोरगी आधी भेदरली आणि मग जिजीशेजारी बाकावर बसून तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. दुसऱ्या एकीने कुठल्याशा वैदूकडून पुडी आणली होती. नवऱ्याला न सांगता चहात घालायची म्हणे. "चहात घालून दारू सुटत असती," जिजी म्हणाली, "तर मी गावच्या टाकीतच घातली असती. त्याला सांगून दे, डॉक्टरला विचारून दे. चोरून दिलेलं औषध नसतं, बाई." आम्ही तासभर समजावून जे साधत नसे ते तिच्या दोन वाक्यांत होई. डॉक्टर तर गमतीने म्हणायचे, मी रजेवर गेलो तरी चालेल, जिजीला रजा देऊ नका.

मग एका बुधवारी नाना एकटेच एसटीने आले. त्यांनी केसपेपर काढला नव्हता. समोर बसले आणि टोपी काढून हातात धरली.

"जिजी कुठे?" मी विचारलं.

"मी आज माझ्यासाठी नाय आलो, मॅडम. ती पिते."

"कोण पितं?"

"घरची."

मला हसू आलं. खरंच आलं. मला वाटलं नाना परत घसरलेत आणि काहीतरी बरळताहेत. मी नकळत पुढे झुकून त्यांच्या तोंडाचा वास घेतला. वास नव्हता. डोळे स्वच्छ होते आणि पाण्याने भरले होते. सरकी पेंडीच्या पोत्यात त्यांना देशी दारूची चपटी बाटली सापडली होती. आधी वाटलं, आपलीच कधीची राहिली असेल. मग त्याच पोत्यात आणखी सापडल्या. जिजीचे पाय सुजले होते, सकाळी उलट्या होत होत्या. ती अंगावर काढत होती.

दर आठवड्याला हाताच्या अंतरावर बसणारी बाई. तिच्या तोंडाला कायम ओव्याचा वास यायचा. पोटात गॅस धरतो म्हणायची. त्या खोलीत डॉक्टर, नर्स, मी, आणि आयुष्यभर दारूच प्यालेली माणसं बसलेली असायची. एकालाही कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. कांदा साठवायच्या चाळीच्या सावलीत ती पाय पसरून बसली होती. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसत होता. तिने काहीच नाकारलं नाही.

"ह्यांची बाटली काढून घेऊन लपवायचे मी," ती म्हणाली. "ओतून दिली तर मारायचे. ठेवली तर प्यायचे. एक दिवस लय मारलं आन् माझ्याच हातात बाटली होती. लावली तोंडाला. त्या दिवशी अंग दुखलं नाय, मॅडम. झोप लागली."

"पण नानांची तर सुटली ना?"

"सुटली की. मग घरात बाटली येईना. मग मला आणावी लागली."

"दुकानातून?"

"दुकानदार विचारायचा, नाना परत चालू झाले का? मी हो म्हणायचे."

नाना चौकटीला टेकून उभे होते. आपण सोडूनही गावातली माणसं आपल्याकडे बघून का हसतात, हे त्यांना त्या क्षणी कळलं. मी त्यांच्याकडे बघायचं धाडस केलं नाही. मला वाटलं, आता ते ओरडतील. ते आत गेले, तांब्याभर पाणी घेऊन आले आणि तिच्यासमोर ठेवून खाली बसले.

"या बुधवारी ओपीडीला चल," मी म्हणाले.

"त्या बाकावर?" पहिल्यांदाच तिचा आवाज फुटला. "बाया माझ्याकडं बघून हिंमत धरतात. त्यांना काय सांगू? पुरुष प्याला तर पेताड म्हणतात. बाईला काय म्हणतात, तुम्हाला ठावं हाय."

मला ठाऊक होतं. डॉक्टरांनी तिला ओपीडी नसलेल्या दिवशी, मागच्या दाराने बोलावलं. तिने त्या दिवसापासून थेंब घेतला नाही. नाना तिच्या गोळ्या सांभाळायचे, मऊ भात शिजवून भरवायचे, रात्री ती ओरडत उठली की धरून बसायचे. पण लिव्हर आधीच गेलं होतं. पोटात पाणी भरू लागलं. ती मला म्हणायची, "जरा बरी झाले की मी सगळ्यांसमोर सांगीन. आत्ता नको." ते सांगायचं राहूनच गेलं. रक्ताची उलटी झाली म्हणून नाशिकला नेत होते. पिंपळगाव यायच्या आत ती गेली.

दशक्रियेला नदीकाठी सगळं गाव लोटलं होतं. प्रवचन झालं, मग एकेक पुढारी माईकवर आला. जिजी कष्टाळू होती, देवमाणूस होती, तिने किती संसार उभे केले. काविळीचं निमित्त झालं, असं प्रत्येकजण म्हणाला. आमच्या ओपीडीतले कितीतरी जण बायकांना घेऊन आले होते. मीही मान खाली घालून ऐकत होते.

मुंडण केलेले नाना उठले आणि त्यांनी माईक हातात घेतला. चार शब्द आभाराचे बोलतील असं सगळ्यांना वाटलं.

"कावीळ नाय," ते म्हणाले. "माझी बायको दारूनं गेली. आधी मी प्यालो ती दारू तिनं सोसली, मग तिनं पिऊन सोसली. तुम्ही मला हसत होता तेव्हा मी पीत नव्हतो, ती पीत होती. माझ्या घरात होती आन् मला दिसली नाय. तुमच्या घरात बघा."

एका पुढाऱ्याने माईक घ्यायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. नानांचा भाऊ म्हणाला, "अरे, मेलेल्या बाईची अब्रू..." नाना त्याला म्हणाले, "तिची अब्रू सांभाळता सांभाळताच ती मेली."

त्यानंतरच्या बुधवारी ओपीडी उघडायच्या आधीच एक बाई पायरीवर बसली होती. चांगल्या घरातली, हातात नवी पिशवी. मी नेहमीच्या सवयीने विचारलं, "कोणाला घेऊन आलात?"

तिने इकडेतिकडे पाहिलं.

"कोणाला नाय," ती म्हणाली. "मीच आले."