टायगर टू, जागेवर थांब

रिटायरमेंटनंतर माझं पोस्टिंग झालं ते संगमनेरजवळच्या एका डेअरीच्या मेन गेटवर. मी सिक्युरिटी सुपरवायझर, हाताखाली सात गार्ड. त्यातला नामदेव साळवे माझ्याच पलटणीतला. सरहद्दीवरच्या बर्फातल्या एका पोस्टवर मी कमांडर होतो, तो रेडिओ ऑपरेटर.

गेल्या दिवाळीपासून साळवे एकाच टँकरचा नंबर दोनदा लिहायला लागला. चहाचा रिकामा कप खाली ठेवून पुन्हा चहा मागायला लागला. आधी मी त्याची चेष्टा केली. त्याचं मला आजही वाईट वाटतं. डॉक्टर म्हणाले, "स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे. काम सोडायला लावू नका. ठरलेलं, सोपं काम द्या."

मी त्याला सकाळचा एकच राउंड दिला. गेट, बॉयलर, चिलिंग प्लांट, परत गेट. प्रत्येक ठिकाणाहून वॉकीटॉकीवर रिपोर्ट. मॅनेजरांनी मान्य केलं, पण बजावलं, "एक गडबड झाली की त्यांना घरी बसवायचं." घरी बसला असता तर साळवे महिन्याभरात खचला असता.

जानेवारीतली सकाळ. धुकं इतकं, की गेटवरून झेंड्याचा खांब दिसत नव्हता. सहा दहाला साळवे निघाला. सहा चौदाला बॉयलरचा रिपोर्ट आला. सहा वीसला चिलिंग प्लांटचा यायला हवा होता. आला नाही.

"साळवे, कुठं आहेस? ओव्हर."

उत्तर आलं ते आमच्या जुन्या कॉल साइनने.

"टायगर वन, टायगर टू बोलतोय. बर्फ लई हाय. पुढचं दिसत न्हाई. गर्जे पुढं गेलाय. त्याला आनायला चाललोय. ओव्हर."

नाईक गर्जे शेवगावचा. वीस वर्षांपूर्वी त्या पोस्टवर, अशाच पांढऱ्या सकाळी पेट्रोलवर असताना तो बर्फात हरवला आणि आमच्यातून गेला.

'अरे, हे संगमनेर आहे,' असं ओरडावंसं वाटलं. पण घाबरला असता तर कुठेही धावला असता.

"टायगर टू, काय ऐकू येतंय? ओव्हर."

"पानी. पुढं खाली वाहतंय. ओव्हर."

प्लांटच्या मागे कालवा आहे. तेव्हा शेतीच्या पाण्याचं आवर्तन चालू होतं, कालवा काठोकाठ भरलेला. मी पळत सुटलो.

"टायगर टू, जागेवर थांब. मी येतोय. ओव्हर."

"गर्जेचं काय? ओव्हर."

सगळ्या नोकरीत मी खोटा रिपोर्ट दिला नव्हता.

"गर्जे माझ्याजवळ आहे. तू थांब. ओव्हर."

नुसती खरखर. मग, "रॉजर. थांबलो. आऊट."

मागचं दार उघडंच होतं. बाहेर ना ऊस दिसत होता, ना बांध. सगळीकडे मऊ पांढरं. चालता चालता मी जमिनीवर बुटांचे ठसे शोधायला लागलो, बर्फात शोधतात तसे. मीच कुठे आहे ते क्षणभर मला कळेना. मग साळवे दिसला. पाण्यापासून दोन पावलांवर, विश्राममध्ये उभा. त्याने माझ्या मागे पाहिलं.

"गर्जे कुठाय साहेब?"

मी त्याचा हात धरला. हात गार पडला होता. तोच म्हणाला, "न्हाई ना आला? तवा बी तुमीच थांबीवलं हुतं मला."

"व्हय."

मॅनेजरांना मी सगळं सांगितलं. "चूक माझी आहे. फौजेत पेट्रोलवर माणूस एकटा जात नाही, आणि मी त्याला एकटा पाठवला. उद्यापासून त्याचा बडी मी."  त्यांनी मागच्या दाराला कुलूप लावायला सांगितलं, आणि साळवेचं नाव ड्यूटी लिस्टवर राहू दिलं.

बर्फ वितळल्यावर गर्जे सापडला होता. साळवेला मी जिथे थांबवलं, तिथून चाळीस पावलांवर. त्याचा देह खाली आणायला पार्टी घेऊन गेलो तो मी. साळवे तेव्हा सुट्टीवर होता. ते चाळीस पावलांचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

आता राउंड आम्ही दोघं करतो. धुकं असलं की चिलिंग प्लांटजवळ साळवे कधी कधी थांबतो आणि हाक मारतो, "गर्जेऽऽ!" मी त्याला अडवत नाही. त्याच्याशेजारी उभा राहून मीही हाक मारतो.