मंजन संपेपर्यंतचा मुक्काम

आमच्या शेजारच्या काकूंइतकं कमी सामान घेऊन घराबाहेर पडणारं माणूस सबंध वऱ्हाडात दुसरं झालं नाही, हे मी कुणाहीसमोर छातीठोकपणे सांगेन. गोसाव्याजवळसुद्धा चिमटा असतो, झोळी असते. काकूंजवळ झोळीही नसे. दोन लुगडी एका पंच्यात गुंडाळायची, त्या गाठोड्याच्या पोटात एक चपटी डबी सरकवायची आणि ‘चाला, झाली माही तयारी’ म्हणत चपला पायात घालायच्या. मग गाडी नांदगाव खंडेश्वरची असो की थेट दिल्लीची, तयारीत फरक नाही. त्यांचे यजमान कापसाच्या जिनात फिटर होते, म्हणून अमरावतीच्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे ‘जिनवाल्या काकू’ म्हणत. हंगामात जीन दिवसरात्र चाले, काका तिकडेच अडकलेले असत आणि लग्नसराईही नेमकी त्याच दिवसांत येई. त्यामुळे काकू गावोगाव फिरत आणि काका आमच्याकडे जेवत. ‘आमची मंडळी कोठी गेली, तुमाले ठाऊक हाय का?’ असं ते आईलाच विचारत, आणि आई सांगे त्यावर मान डोलवून भाकरी मोडत.

त्या चपट्या डबीत काकूंचा सगळा साजशृंगार मावत असे. झाकणाच्या आत मेण, खाली कुंकू, आणि डबीच्या पाठीवर बाहेरून काजळाचा एक लेप. बोट पुसलं की काम झालं. फणी अर्धीच होती. ती मोडली नव्हती, काकूंनीच मोडली होती. ‘डोक्शाच्या दोनी बाजू का एका टायमाले विंचरतेत?’ असं त्यांचं म्हणणं. साबणाची वडी दोऱ्यानं कापून त्या बोटभर तुकडा घेत. तेल मुळीच नेत नसत, निघायच्या आदल्या दिवशी डोकं असं थापत की आठवडाभर उशीला पुरावं. आरसा तर त्यांना ठाऊकच नव्हता. घासलेला तांब्या, गाडीच्या खिडकीची काच, नाहीतर समोर बसलेली बाई. एकदा बडनेऱ्याला गाडीत चढल्या चढल्या एका अनोळखी मारवाडी बाईपुढे चेहरा धरून त्या म्हणाल्या, ‘पाहा वं बाई, कुकू मधात हाय का सरकलं?’ त्या बाईनं आपल्या पदरानं यांचं कुंकू सारखं केलं आणि अकोला येईपर्यंत दोघी एकमेकींच्या सुनांची नावं घेऊन हसत होत्या.

काकू एवढ्या हिंडत त्याचं कारण म्हणजे गल्लीतल्या प्रत्येक मुलीची पाठराखीण त्याच. नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्यासोबत माहेरचं कुणीतरी मोठं माणूस जातं, चार दिवस राहतं, पोरीचं मन रमलं की परत येतं. आमच्याकडे हा मान न सांगता काकूंचा होता. पण त्यांना न्यायचं म्हणजे एक संकटच असे. निघण्याच्या दिवशी त्या नवरीची पेटी उघडायला लावत आणि स्नो, पावडर, रिबिनी, सुगंधी तेल असं एकेक काढून तिच्या आईच्या ओटीत टाकत. अंजनगाव सुर्जीला दिलेल्या वकिलांच्या मुलीच्या पेटीतून तर त्यांनी फणीसुद्धा काढली होती. वकिलीणबाई रडकुंडीला आल्या. ‘अहो, पोर विंचरणार कशानं?’

‘ननदीच्या फनीनं,’ काकू म्हणाल्या. ‘जिच्यापाशी सगळंच हाय, थे कोनाले काय मांगन? अन् मांगल्याबिगर बोलनं होते काय? फनी मांगाले जाईन, ननद म्हनन बस, मी घालून देतो येनी. झालं! येनीतच सारं होते बाप्पा.’

आणि तसंच झालं. पुढे ती मुलगी माहेरी आली की नणंदेला सोबत घेऊनच यायची. पण काकूंचा हा नियम स्वतःसाठी नव्हता. त्या कुणाकडे चिमूटभर काही मागत नसत. दात घासायचं त्यांचं मंजन घरचं असे, बाभळीचा कोळसा आणि मीठ कुटून केलेलं. त्याची पुडी त्या निघण्यापूर्वी मोठ्या विचारानं बांधत. पोर धीट असली, सासर जवळचं असलं की पुडी छोटी. पोर रडवी असली की जरा मोठी. पुडी संपली की काकू उठल्याच, मग पंक्ती बसलेल्या असोत की पाहुणे अडवून धरोत. कौंडण्यपूरजवळच्या एका घरी जत्रा दोन दिवसांवर आली होती. मंडळींनी हात जोडले, राहा म्हणाले. काकूंनी रिकामा कागद झटकून दाखवला. त्या घरचे यजमान म्हणाले, आमचं मंजन घ्या की. त्यावर काकूंनी जे उत्तर दिलं ते आमच्या गल्लीत पुष्कळ वर्षं सांगितलं जात होतं. ‘दुसऱ्याचं मंजन दाताले लागलं का मानूस पावना राहत नाई, घरचा होते. मंग त्याले भांडनातबी घेतेत. नवरीले घरचं व्हाचं हाय, मले नाई.’

मला हे सगळं फार गमतीचं वाटे, माझं लग्न ठरेपर्यंत. साठ साल उलटून गेलं होतं. स्थळ मूळचं अकोल्याचं, पण सासरे रेल्वेत असल्यामुळे बिऱ्हाड अजमेरला आणि मुलगाही तिथेच नोकरीला. अकोल्याहून लहान गाडीनं निघायचं, खांडवा, महूचा घाट, रतलाम करत दोन रात्री काढायच्या तेव्हा कुठे अजमेर. मी तोवर अमरावतीबाहेर आजोळखेरीज कुठे राहिले नव्हते. एवढ्या दूर, अनोळखी माणसांत, घराबाहेर मराठी शब्दही कानावर पडायचा नाही अशा गावात काकू मला किती दिवस साथ देणार, याचीच मला काळजी लागली. लग्नाच्या धांदलीतही माझं लक्ष काकूंच्या पुडीकडे होतं. त्यांनी बांधली ती मध्यम. मी जाहीरपणे रडवी व्हायचा प्रयत्न केला. काकू म्हणाल्या, ‘रड बाप्पा, पन पुडी बांधून झाली.’

माझ्या पेटीची झडती तर विचारूच नका. मी मैत्रिणींकडून, मावशीकडून, मुंबईच्या चुलतभावाकडून जमवलेला खजिना होता तो: स्नोची बाटली, गुलाबी पावडरचा डबा, नखांचा रंग, मोगऱ्याचं तेल, डोळ्यांत घालायचा विकतचा सुरमा. काकूंनी नखांच्या रंगाची बाटली उघडून वास घेतला आणि झाकण घट्ट लावलं. ‘तोंड न्याचं हाय का दुकान?’ एवढंच म्हणाल्या. मी पाय आपटले, आईची मदत मागितली, पण आईनं काकूंपुढे कधीच तोंड उघडलं नव्हतं. शेवटी कुंकवाचा करंडा आणि एक बोटभर साबण घेऊन मी अजमेरला निघाले. पेटी उचलताना नवऱ्यानं चकित होऊन विचारलं, ‘एवढी हलकी?’ आमच्या संसारातलं ते पहिलं कौतुक, आणि तेही पेटीचं.

सासूबाई उंच, गोऱ्या आणि मितभाषी होत्या. माझ्याशी बोलत त्या एकेक शब्दात. ‘ठेव.’ ‘घे.’ ‘जेव.’ शेजारणींशी हिंदी. साबण मागायला गेले तर त्यांनी साबण दिला आणि पाठ फिरवली. तेल मागितलं तर बाटली पुढे केली. काकूंचं शास्त्र अजमेरला लागू नाही, असं माझं मत झालं. काकूंशी मात्र दुपारी ओसरीवर सासूबाई बसत आणि तिथून हसण्याचे आवाज येत. मी चहा घेऊन गेले की हसणं थांबे. मला वाटे, माझ्याबद्दलच बोलत असणार. आणि कोनाड्यातली मंजनाची पुडी तर रोज सकाळी बारीक होत चालली होती.

एका दुपारी काकू झोपल्या असताना मी चुलीतला विझलेला कोळसा घेतला, मीठ घातलं, पाट्यावर वाटलं आणि पुडीत मिसळलं. दुसऱ्या दिवशी काकू दात घासताना थोडं खाकरल्या. ‘इथली हवा वायलीच हाय,’ त्या म्हणाल्या, ‘मंजन जाडं करते.’ मी खाली मान घालून भांडी घासत राहिले. मग मला सवयच लागली. रोज दुपारी थोडा कोळसा. पुडी संपत नव्हती, काकू जात नव्हत्या आणि तिकडे अमरावतीला काका आमच्या आईला विचारत असतील, मंडळी कोठी गेली म्हणून.

पण काही दिवसांनी एक विचित्र गोष्ट घडू लागली. पुडी नुसती टिकत नव्हती, फुगत होती. मी टाकत असे त्यापेक्षा जास्त भरे. कागद फाटला, काकूंनी दुसरा कागद गुंडाळला. ‘माह्या पुडीले दिवस गेले का काय वं?’ असं त्या मलाच विचारत आणि चेहरा अगदी गंभीर ठेवत. एका सकाळी मी पुडी उघडून हुंगली तर लवंगेचा वास आला. मी लवंग कधीच घातली नव्हती.

त्या दुपारी मी नेहमीपेक्षा लवकर कोनाड्याशी गेले. तिथे सासूबाई उभ्या होत्या. त्यांच्या एका हातात काकूंची पुडी होती, दुसऱ्या हातात वाटी, आणि वाटीत काळं मंजन. माझ्याही हातात वाटी होती. आम्ही दोघी एकमेकींच्या वाटीकडे पाहत राहिलो. सासूबाईंचे कान लाल झाले. मग त्या हळूच म्हणाल्या, ‘एवढ्या वर्सानं आपल्या इकडचं बोलाले कोनी भेटलं... मले वाटलं, आनखी दोन दिवस राह्यल्या तं...’ माझी वाटी हातातून घेऊन त्यांनी पुडीत ओतली.

मी त्या घरात इतके दिवस होते आणि ही बाई इथे लग्न होऊन आली तेव्हा तिच्यासोबत कोण आलं होतं, किती दिवस राहिलं होतं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. त्या दुपारी मी ते विचारलं. कुणीच आलं नव्हतं. आम्ही संध्याकाळपर्यंत चुलीशी बसलो. भात करपला, सासरे ओरडले, आम्हाला दोघींना हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी दात घासले, चूळ भरली आणि भरगच्च पुडी सासूबाईंच्या हातात दिली. ‘ईहीनबाई, हे ठेवा. कोयसा तिचा हाय, लवंग तुमची. आता दोघी मिळून वाटत जा. मी निंगतो.’ त्यांना पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं, हे काय सांगायला हवं! मी रडले, सासूबाई तर माझ्याहून जास्त रडल्या. काकूंनी गाठोडं उचललं आणि स्टेशनवर गाडीच्या काचेत कुंकू पाहून डब्यात चढल्या. परतताना टांग्यात सासूबाई माझ्याशी अकोल्याच्या गोष्टी बोलत होत्या, न थांबता.

पुढे मी दर उन्हाळ्यात अमरावतीला जाई. काकू माझी चौकशी नंतर करत, आधी सासूबाईंची. ‘तिले घेऊन ये वं एकडाव,’ म्हणत. पण सासरे आजारी, घर सोडता येईना, असं करता करता वर्षं गेली. मग काकांचं पत्र आलं की काकूंनी अंथरूण धरलं आहे, डॉक्टरांनी काही आशा दिलेली नाही. सासऱ्यांना जाऊन तेव्हा काही महिने झाले होते. मी एकटीच निघायची तयारी करू लागले तर सासूबाईंनीही माळ्यावरून मोठी पेटी काढली.

आम्ही पोचलो तेव्हा काकू खाटेवर होत्या, अगदी एवढ्याशा झालेल्या. बोलताना धाप लागत होती. टांगेवाल्यानं सासूबाईंची पेटी, वळकटी, फिरकीचा तांब्या, तेलाच्या बाटल्यांची टोपली आणि लोणच्याची बरणी एकामागून एक आत आणून ठेवली. काकू ते सगळं पाहत होत्या.

‘ईहीनबाई,’ त्या म्हणाल्या, ‘एवढं सामान? राहाले आल्या का काय?’

‘हाव,’ सासूबाई म्हणाल्या, आणि खाटेच्या कडेला बसून त्यांनी काकूंचं डोकं मांडीवर घेतलं. ‘राहालेच आली.’