घरगुती कारणास्तव

आमच्या शाळेत राजीनाम्याचा मजकूर ठरलेला होता. ‘घरगुती कारणास्तव मी नोकरी करू शकत नाही’ एवढं लिहायचं, खाली सही ठोकायची आणि मान खाली घालून निघायचं. शाळा विनाअनुदानित, म्हणजे सरकारचं अनुदान येईपर्यंत शिक्षकांना पगार नाही. अनुदान ‘येत्या अधिवेशनात’ येणार होतं. मी लागले तेव्हाही ते येत्या अधिवेशनातच येणार होतं.

तिथं मी अकरा वर्षं मराठी शिकवलं. मस्टरवरची एक सही चुकली तर सेवाज्येष्ठता जाईल, या धास्तीनं मी हळद लागल्या अंगानं, घरातल्या बायका नको नको म्हणत असताना, शाळेत जाऊन सही करून आले होते. त्या पानावर पिवळं बोट उमटलं, ते वर्षभर सगळ्या स्टाफला हसायला पुरलं. घर चालायचं नवऱ्याच्या शहागंजातल्या दुकानावर आणि माझ्या उस्मानपुऱ्यातल्या शिकवण्यांवर.

मग टिकले कशाला? खरं सांगायचं तर लाजेपायी. मेंढपाळाची लेक मॅडम झाली, हे गावभर झालं होतं. माझे वडील, आबा, अनोळखी माणसालाही आधी माझी नोकरी सांगायचे आणि मग स्वतःचं नाव. मला पगार मिळत नाही, हे मी त्यांना कधी कळूच दिलं नव्हतं.

शेवटी वाळूजच्या एका कंपनीत तपासणी विभागात मला काम मिळालं, पहिल्या महिन्यापासून पगाराचं. आठवड्याभरात हजर व्हायचं होतं. शाळा सोडायची, हे ठरलं. पण आबांना सांगायचं कोणत्या तोंडानं?

रविवारी गेले. शहराबाहेर एका शेतकऱ्याच्या रानात त्यांनी मेंढरं बसवली होती. त्यात शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं आणि मेंढरांना चारा. मी बांधावर बसले आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं. आबांनी शांतपणे ऐकलं. मग काठी बाजूला ठेवून माझ्याकडं असं पाहिलं, की मला वाटलं आता चांगलीच खरडपट्टी निघणार.

“आकरा वर्सं? एकाच रानात?”

“व्हय, आबा.”

“आगं माय, चारा हाय तवर बसायचं, सरला की उठायचं. शेतकरी म्हनतोच, आजून दोन रोज ऱ्हा. त्याला खत फुकाट मिळतंय, तो कशाला ऊठ म्हनंल?”

“लोक हसतील.”

“हसू दे की. लाजंपायी मेंढरं उपाशी मारायची का?”

आणि ते हसायला लागले. इतकी शिकलेली पोरगी आणि एवढं कळू नये, याचंच त्यांना नवल वाटत होतं.

परतताना बसमध्ये मलाही हसू आलं, आणि मग असा संताप आला, की शेजारची बाई जरा सरकून बसली. फुकट राबवून घेणारे ताठ मानेनं फिरत होते आणि लाजत मी होते. वर ‘घरगुती कारणास्तव’ लिहून सगळा दोष मीच माझ्या घरावर घेणार होते. घरानं माझं काय वाकडं केलं होतं?

सोमवारी मी मुख्याध्यापकांच्या टेबलावर कागद ठेवला. ‘अकरा वर्षं शिकवूनही पगार मिळाला नाही, म्हणून मी राजीनामा देत आहे.’

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “मॅडम, घरगुती कारणास्तव लिहा. सगळे तेच लिहितात.”

“माझ्या घरी सगळं ठीक आहे, सर.”

“तसं नाही हो. भाषा जरा...”

“मी मराठीच शिकवते. वाक्यात चूक असेल तर दाखवा, लगेच दुरुस्त करते.”

त्यांनी कागद पुन्हा वाचला. चूक नव्हती. माणूस वाईट नव्हता, तोही अधिवेशनाचीच वाट पाहत होता. त्यांनी कोपऱ्यात बारीकशी सही केली आणि कागद माझ्याकडं सरकवला. अकरा वर्षांत त्या खोलीतून मी पहिल्यांदाच ताठ मानेनं बाहेर आले.

बाहेर क्लार्क बसायचे. माझ्याही आधी लागलेले, तेही बिनपगारी. त्यांनी राजीनामा सावकाश वाचला. मग आवकचा शिक्का पॅडवर दोनदा दाबून कागदावर असा हाणला, की चहाचा कप हलला.

“मॅडम,” ते हळू आवाजात म्हणाले, “याची झेरॉक्स मला बी द्या. मजकूर लई चांगला हाय.”

“एकच काढू?”

त्यांनी मुख्याध्यापकांच्या दाराकडं एकवार पाहिलं आणि मला दोन बोटं दाखवली.