पेशी राखणारा

“जित्राबाला सुट्टी नसती, सर,” असं म्हणत तो दर रविवारी सकाळी कोपरापर्यंत हात धुऊन आत शिरायचा. त्याचं जित्राब म्हणजे आमच्या कुपवाडच्या प्रयोगशाळेत बशांमधून वाढणाऱ्या माणसाच्या कातडीच्या पेशी.

तो म्हसवडकडचा, मेंढपाळाच्या घरातला, आमच्याकडे कंत्राटी मदतनीस. या पेशींना वाढायला एक प्रथिन लागतं, ते माणसाच्याच शरीरातलं असतं, पण जंतूंकडून तयार करून घेतात, असं मी त्याला पहिल्याच दिवशी समजावलं होतं. जरा विचार करून तो म्हणाला, “म्हंजी माणसाचं दूध, पन जंतूंनी दिल्यालं.” मी हसलो. खरं तर माझ्यापेक्षा त्यानंच ते सोपं सांगितलं होतं.

हे दूध परदेशातून इवल्या कुप्यांत, बर्फातून यायचं. फ्रीजरची किल्ली त्याच्या कडदोऱ्याला असायची. आम्ही पदवीवाले कुप्यांची पेटी बाहेर काढून गप्पा मारत बसलो, की तो शेजारी येऊन, पेटी आत जाईपर्यंत नुसता उभा राहायचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचा राग येतो, कारण त्यांचं बरोबर असतं.

एकदा त्यानं मला विचारलं, “एक रविवार बगता का? गावाकडं सिद्धनाथाची यात्रा हाय. रथ बगून लय वरसं झाली.” किल्ली देताना दोनदा म्हणाला, “पेटी आत ठिवा, सर.”

त्या रविवारी मी पेशींना खायला घातलं, तेवढ्यात मित्राचा फोन आला आणि बोलत बोलत मी घरी गेलो. पेटी टेबलावरच राहिली.

सोमवारी आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी ती पाहिली. सगळ्या कुप्या वाया. नवीन यायला काही महिने, तोवर काम बंद. रविवारी तोच येतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी त्यालाच विचारलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी सूक्ष्मदर्शकात डोळे खुपसले. खाली बशीसुद्धा ठेवलेली नव्हती.

“व्हय मॅडम, माजीच चूक,” तो म्हणाला. दुपारी त्याला काढून टाकलं.

मी त्याला गेटपाशी गाठलं. माफी मागणार, तोच म्हणाला, “आवं, कळप ज्यानं सोडला, चूक त्येचीच. आमच्यात आसंच हाय.” त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नवी पेटी येईपर्यंत त्या पेशी मेल्या. पुढे मला डॉक्टरेट मिळाली. प्रबंधातल्या आभारांत चहावाल्याचंही नाव आहे. याचं नाही. मी भित्रा होतो, दुसरं काही नाही.

गेल्या वर्षी मलकापूरजवळ तो महामार्गाच्या कडेनं मेंढरं घेऊन चाललेला दिसला. मी गाडी थांबवली. त्यानं लगेच ओळखलं आणि पहिलं हेच विचारलं, “रविवारी कोन येतं आता? येळंवर खायाला घालत्यात न्हवं?”

“घालतात की,” मी म्हणालो.

“मग झालं,” तो समाधानानं म्हणाला, आणि रस्त्यावर जाणाऱ्या कोकरामागं धावला. त्याच्या पेशी मेल्याचं लपवून मी त्याच्याशी खोटं बोललो, आणि त्यानं पुन्हा माझ्यावर विश्वास ठेवला.