पारंपरिक म्हंजी कोन?

गाणं सुरू करण्याआधी मावशी एक नाव घ्यायची. "हे माज्या थोरल्या जावंचं." "हे बोरगावच्या आक्काचं." नाव सांगून झालं की पदर खोचायची आणि मगच तोंड उघडायची. आम्हाला वाटायचं, आधी देवाचं नाव घेतात तशी ही काहीतरी रीत असेल.

तासगावकडच्या एका शेडमध्ये ती बेदाणा निवडायला होती. शेड आमच्या ड्रमरच्या मामाचं. आमचा सांगलीचा रॉक बँड, मी बेस गिटार वाजवतो. पहिल्या अल्बममध्ये आम्ही दोन लोकगीतं गिटारवर चढवली होती, कॉलेजच्या पोरांनी ती डोक्यावर घेतली. दुसऱ्या अल्बममध्ये मात्र काही केल्या जीव येईना. तेव्हा मामा म्हणाले, "आमच्या शेडात एक बाई हाय. ऐका तरी."

साठीची बाई. हात बेदाण्यात, नजर बेदाण्यावर आणि आवाज असा की पत्रे घुमावेत. तिची एक ओवी आम्ही तिथल्या तिथे उचलली:

पाण्याखाली गेलं गाव, वर चालत्यात नावा
माज्या म्हायेरच्या चुलीत मासा घेतुया इसावा

"ही कोयनावालीची," ती म्हणाली. धरणात गाव गेल्यावर तिच्या शेजारी राहायला आलेली म्हातारी. तीही जाऊन बरीच वर्षं झालेली.

स्टुडिओत हेडफोन चढवल्यावर मावशी म्हणाली, "बैलाच्या डोळ्याला झापड लावत्यात, तुमी कानाला लावली व्हय रं?" पण एका दमात गायली. मग कव्हरवर काय छापणार ते विचारलं. आमच्या गायकाने वाचून दाखवलं, "शब्द आणि चाल, पारंपरिक."

"ही कोन?"

"कोण?"

"पारंपरिक."

कुणी रचलं ते माहीत नसलं की असं लिहितात, त्याने समजावलं.

"मला म्हाईत हाय की! पारंपरिक म्हंजी कोन? आईबापानं नाव ठिवलं नव्हतं व्हय तिला?"

"मग सांगा ना नाव."

"आमी समदी कोयनावालीच म्हनायचो," मावशी हळू म्हणाली. मग उठली. "नाव घावंस्तवर गानं घालायचं न्हाई."

अल्बमची तारीख जाहीर झाली होती. गायक चिडला. मी पुढच्या रविवारी गाडी काढली.

कोयनानगरच्या वरच्या अंगाला एका वाडीत कोयनावालीची लेक दिली होती. घाटात मावशीला दोनदा उलटी झाली. "रस्ता हाय का जिलबी," एवढीच तक्रार. लेक आता स्वतःच म्हातारी, ओट्यावर नाचणी पाखडत बसलेली. आईचं नाव विचारल्यावर म्हणाली, "लक्षुमी."

"त्ये सासरचं," मावशी म्हणाली. "म्हायेरचं?"

ते तिलाही ठाऊक नव्हतं. मावशी तिच्या शेजारी बसली आणि तीच ओवी म्हणू लागली. लेकीच्या हातातलं सूप थांबलं. ओवी संपली आणि तिने चिरक्या आवाजात पुढच्या दोन ओळी उचलल्या. मावशीनेही त्या कधी ऐकल्या नव्हत्या. मी घाईघाईने फोनवर रेकॉर्ड करत होतो.

गाणं थांबल्यावर लेक डोळे पुसत म्हणाली, "माजा मामा ठकू म्हनायचा तिला. व्हय, ठकू."

"मग ठकूच ल्हिवा," मावशी मला म्हणाली. "म्हायेरच्या चुलीचं गानं हाय. नाव बी म्हायेरचंच पायजे."

अल्बम महिनाभर उशिरा आला. फोनवरच्या त्या ओळी मागच्या कोंबड्यासकट तशाच ठेवल्या. पहिल्या अल्बममधली गाणी रचणाऱ्या बायकाही आम्ही नंतर शोधून पाहिल्या. एकीचंही नाव मिळालं नाही.

स्वतःचं नाव मात्र मावशीने छापू दिलं नाही. "माजं रोज शेडच्या मस्टरवर असतंय, लय झालं." म्हणून मीही इथे देत नाही.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. मला आठवते ती साताऱ्याच्या कार्यक्रमातली. पहिल्या रांगेत, नवं लुगडं नेसून, ड्रमच्या भीतीने दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालून बसलेली. ठकूची ओवी आली तसे तिने बोळे काढून मुठीत धरले. ओवी संपली, टाळ्या थांबेपर्यंत ती तशीच बसली. मग आमच्याकडे बघून मान हलवली आणि एकेक करून बोळे पुन्हा कानांत घातले.