छपरं उतरवणारा सिल्वेस्त्र

आमच्या वरच्या सेर्वोल गावाची निम्मी छपरं सिल्वेस्त्रच्या बापाने चढवली आणि सगळीच्या सगळी सिल्वेस्त्रने उतरवली. खाली मैदानात रेल्वे आली, नळ आले, मग डोंगरमाथ्यावर कोण मरायला राहतंय? लोक खाली जायचे आणि जाताना छप्पर काढून न्यायचे. छप्पर नसलेल्या घराला घरपट्टी नाही, सरकारचा तसा कायदाच होता. सिल्वेस्त्रचा हात इतका हलका, की शंभर कौलांत एक फुटेल तर शपथ. तो शिडी घेऊन गल्लीत शिरला की बायका म्हणायच्या, "आला बाबा, आज कुणाची घटका भरली?" तोही हसायचा.

शेवटी त्याचं एकट्याचंच घर उरलं. त्याची बायको लेओनीद हलायला तयार नव्हती. त्यांचा मुलगा आन्सेल्म एकोणीसशे सोळा सालच्या लढाईत बेपत्ता झाला होता.

"बेपत्ता लिहिलंय, मेला असं नाही लिहिलं," ती म्हणायची. "खाली घर घेतलं तरी ते त्याला कुठं ठाऊक? तो सरळ इथंच येईल."

सिल्वेस्त्र गप्प बसे. दहा वर्षं गप्पच बसला.

त्या हिवाळ्यात पावसाचं पाणी साठवायच्या टाकीला तडा गेला. साठीच्या बाईने दोन बादल्या पाण्यासाठी खालच्या नळापर्यंत गोठलेली वाट उतरायची आणि चढायची. दोनदा पडली. खोकला हटेना. मार्चमध्ये भाचीच्या बाळंतपणाला ती आठ दिवस खाली गेली, आणि ह्या शहाण्याने ठरवलं, छप्परच नसलं तर येईल गुमान खाली. रडेल चार दिवस, पण जगेल तरी. तीन दिवसांत त्याने स्वतःचंच घर उघडं केलं.

लेओनीद भर दुपारी वर आली. दारात उभं राहून तिने वर पाहिलं. तिच्या पलंगावर ऊन पडलं होतं.

"उघड्या घराकडे आपल्यात कुणी चढून येत नाही," ती म्हणाली. "तुझाच पोर तो, त्याला हे सांगायला नको. खालून बघेल, आणि माणसं गेली म्हणून परत फिरेल रे."

"मी पुन्हा चढवतो. लगेच चढवतो."

"चढव."

सिल्वेस्त्रने शिडीला हात घातला आणि परत काढून घेतला. "तो नाही यायचा, लेओनीद. मला कधीचं कळून चुकलंय."

ती म्हणाली, "एवढं बोलायला तुला माझं घर मोडावं लागलं?"

तिने गाठोडं बांधलं आणि त्याच्या पुढे चालत खाली उतरली. त्याला हवं होतं ते झालं. खालच्या घरात ती अकरा वर्षं जगली. दाराशी नळ होता, खोकलाही गेला. वरच्या घरात ती जेवताना रोज तिसरी बशी मांडायची. खाली आल्यापासून मुकाट्याने दोनच मांडू लागली, आणि त्या दोन बशा पाहिल्या की सिल्वेस्त्र अर्ध्या जेवणातून उठायचा.